दोन बाटल्या आणि मूठभर ब्राझील नट

मी कॅन्सर रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. त्या दिवशी डॉक्टरांनी पाठवलेल्या काकांच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : 'केस गळतात, थकवा. आहार बघा.' प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला होता, त्यावर नजर ठेवणारी रक्ततपासणी, पीएसए, व्यवस्थित होती. तरी सोबत आलेली मुलगी पार धास्तावलेली. "मॅडम, बाबांना केमो दिलेलीच नाही, मग केस का जातायत? परत काही सुरू झालं असेल का?"

केस गळतात म्हटलं की आधी प्रथिनं, लोह, थायरॉइड बघायचं, हे ठरलेलं. पण काकांनी टेबलावर हात ठेवले आणि माझं लक्ष नखांवर गेलं. आडवे पांढुरके पट्टे, कडा ठिसूळ होऊन तुटलेल्या, एका अंगठ्याचं नख तर मुळापाशी सुटत आलेलं. ते बोलू लागले तसा लसणाचा वास आला.

"काका, जेवणात लसूण जास्त असतो का?"

"छे, मला सोसतच नाही."

मुलगी म्हणाली, "तोंडाला वास येतो म्हणून दातही दाखवून आणले. काहीच निघालं नाही."

शरीरात सेलेनियम हे खनिज फार झालं की त्यातलं थोडं डायमिथाइल सेलेनाइड हे संयुग होऊन श्वासावाटे बाहेर पडतं, आणि त्याचा वास लसणासारखा असतो. केस, नखं आणि हा वास एकत्र दिसल्यावर मी गोळ्यांची चौकशी केली. काकांनी फक्त बीपीची सांगितली. "आणि ताकदीच्या, व्हिटॅमिनच्या वगैरे?" "त्या आहेत की. पण ते काही औषध नाही ना!"

दुपारी मुलीने घरातलं सगळं आणून टेबलावर मांडलं. एका बाटलीत 200 मायक्रोग्रॅम सेलेनियमच्या गोळ्या, सकाळी एक, रात्री एक. दुसरी 'अँटिऑक्सिडंट'ची, तिच्या लेबलवर बारीक अक्षरात आणखी 100. शिवाय रोज पाच-सहा ब्राझील नट. या नटांमधलं सेलेनियम झाड कुठल्या मातीत वाढलं त्यावर ठरतं, तरी एका नटात 50 ते 90 मायक्रोग्रॅम सहज असू शकतं. बेरीज 750 ते 1000 च्या घरात जात होती. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण 55. अमेरिकेने वरची मर्यादा 400 ठेवली आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर 2023 मध्ये ती 255 वर आणली.

काका शांतपणे म्हणाले, "मी वाचून घेतोय. सेलेनियमने प्रोस्टेटचा कॅन्सर 63 टक्क्यांनी कमी झाला."

त्यांनी वाचलेलं खरं होतं, म्हणूनच मला ते झटकून टाकायचं नव्हतं. अमेरिकन संशोधक लॅरी क्लार्क यांची ती चाचणी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्या 1312 जणांना रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. मूळ प्रश्न त्वचेच्या कॅन्सरचा होता आणि तो काही कमी झाला नाही. प्रोस्टेटचा आकडा बाजूने हाती आला. ही माणसं अमेरिकेतल्या कमी सेलेनियमच्या भागातली होती आणि फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात ते आधीच कमी होतं त्यांना झाला. चीनमधल्या लिनशियानमध्येही सेलेनियम, बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी घटले, पण तिथल्या लोकांचं पोषणच तोकडं होतं.

मग 'सिलेक्ट' ही मोठी चाचणी झाली. पस्तीस हजारांहून जास्त निरोगी पुरुष. प्रोस्टेट कॅन्सर टाळायला सेलेनियमचा उपयोग दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2014 च्या विश्लेषणात तर ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांच्यात गोळ्यांमुळे आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरचा धोका 91 टक्क्यांनी वाढलेला दिसला. मी काकांना कागदावर घडा काढून दाखवला : रिकामा असेल तर पाणी घाला, काठोकाठ भरलेल्यात ओतलं तर बाहेरच सांडणार. पेशींना जपणारी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखी प्रथिनं सेलेनियमवर चालतात खरी, पण ती पुरेशी तयार झाली की जास्तीच्या सेलेनियमने आणखी वाढत नाहीत.

एक गोष्ट सांगू की नको, असं मनात आलं. पण त्यांना ती कळायलाच हवी होती. प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या पुरुषांच्या 2015 च्या एका अभ्यासात रोज 140 मायक्रोग्रॅम किंवा जास्त सेलेनियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त आढळले. तो निरीक्षणाचा अभ्यास, कारण गोळ्याच असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, हेही मी सांगितलं. काका बराच वेळ बाटलीकडे बघत बसले. ज्या माणसाने जगण्याच्या ओढीने रोज न चुकता गोळी घेतली, त्याला हे ऐकवताना माझा जीव तुटत होता.

रक्ततपासणीत सेलेनियम बरंच वर निघालं. डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या बंद केल्या, मी नट. वास आधी गेला, मग केसगळती थांबली. नखांना वेळ लागला, कारण हाताचं नख पूर्ण नवं यायला सहाएक महिने जातात.

पुढच्या भेटीत मुलीने हळूच विचारलं, "माझा भाऊही घेतो, बाबांना झाला म्हणून. त्याला काही झालेलं नाही. त्याने चालू ठेवल्या तर?" 'सिलेक्ट'मधली माणसंही निरोगीच होती, असं मी तिला सांगितलं, आणि भावाला बाटली घेऊन पाठवायला सांगितलं. तो त्याच आठवड्यात आला.