कऱ्हाड शोधलं, निकाल शून्य

कॉलेजच्या ग्रंथालयात हॅकेथॉन, म्हणजे गटागटाने प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा, घ्यायची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला एक्स्टेन्शन बोर्डांचा. दुसरा, मुलींना रात्री घरून सोडतील का? म्हणून चोवीस तासांचा बेत सोडून सकाळी नऊ ते रात्री आठ ठरलं. प्राचार्यांना बॅनरवर ‘एआय’ हवं होतं, तेही घातलं. विषय मात्र मीच दिला: आपला कॅटलॉग कुठे अडतो ते शोधा आणि सोडवा.

बहुतेक गट चॅटबॉटच्या मागे लागले. बीएस्सीची एक मुलगी ओपॅकवर, म्हणजे कॅटलॉगच्या शोधपानावर, आपल्या तालुक्याचं नाव टाकून बसली होती. कऱ्हाड. निकाल शून्य. “सर, पुस्तक तर मागच्या रॅकला आहे.” होतं, बारकोडसकट.

तिच्या गटाने कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून त्या पुस्तकाची मार्क नोंद, म्हणजे ठरावीक साच्यातली कॅटलॉग-नोंद, काढली आणि २४५ म्हणजे शीर्षकाच्या रकान्यातलं एकेक अक्षर सुटं करून त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक अक्षर ज्याने ओळखतो तो, छापला. तिने टाइप केलेला अर्धा र म्हणजे ०९३१ आणि हलन्त. नोंदीतला म्हणजे साधा र, ०९३०, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं चिन्ह, २००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब! जुन्या नोंदी छपाईच्या डीटीपी फॉन्टातून युनिकोडमध्ये कन्व्हर्टरने उतरवलेल्या, त्याने सरसकट दुसरं रूप वापरलेलं. म्हणजे शीर्षकात ‘शेतकऱ्यांचे’ असलेली जुनी पुस्तकंही गायब. नवी सापडायची, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

उपायही नेटका. नोंदींना हात लावायचा नाही. झेब्रा म्हणजे कोहाचं शोधयंत्र; त्याच्या आयसीयू फाइलमध्ये, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, दोन्ही रूपं एक धरणारा नियम टाकायचा आणि रिइंडेक्स करायचं, म्हणजे शोधसूची नव्याने बनवायची. लॅपटॉपवरच्या कोहात त्यांनी ते चालवूनही दाखवलं.

परीक्षक कंपनीतले. म्हणाले, “यात प्रॉडक्ट काय?” पहिलं बक्षीस एका बोलक्या चॅटबॉटला गेलं. मी त्याला मुद्दाम कऱ्हाडबद्दल विचारलं. पुस्तक उपलब्ध नसल्याचं त्याने फार अदबीने सांगितलं. टाळ्या तरीही पडल्या.

आमचा सर्व्हर एजन्सी सांभाळते. तिच्या मते हे काम एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, बसत नाही, वेगळं कोटेशन लागेल. आता खरेदी समितीला हा बिघाड कागदावर दाखवायचा कसा? छापला तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.