तुम्ही विचारलंत म्हणून: ४,२९,४९,६७,२९७ च का?

आवडती मोठी संख्या विचारली की मी ४,२९,४९,६७,२९७ सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "हिच्यात एवढं काय आहे? साधी मूळ संख्यासुद्धा नाही ही!"

पण दिसते तर मूळच. शेवटी ७, अंकांची बेरीज ५९. म्हणजे २, ३, ५ ची डाळ शिजत नाही. २ चा ३२वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ती येते. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, पाचही मूळ. घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढच्याही सगळ्या मूळच निघतील, असं १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माचं मत होतं. सहावी नेमकी ही. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे.

६४१ कुठून आला? हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे पुढे ऑयलरनंच सिद्ध केलं. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. फर्मानं पाच भागाकार केले असते तर!

माझा जीव खरा जडलाय तो पुढच्या गमतीवर. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × २⁷ ची (म्हणजे ६४० ची, ६४१ ला एकच कमी) बाकी −१ धरता येते. चौथा घात केला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून, ५⁴ च्या जागी −२⁴ चालतं. ते घातलं की −२³² ची बाकी १, म्हणजेच २³² + १ ला निःशेष भाग जातो. चार अब्जांच्या वरची संख्या, आणि भागाकार मांडावाच लागला नाही.

हिच्यातून २ वजा केले तर त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार हातात येतो: ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाजूंचा सुसम (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेला) बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येतो (कागद मोठा लागेल). माझ्या संख्येइतक्या बाजूंचा मात्र नाही. तिथेही ६४१ आडवा येतो: मूळ असला तरी तो त्या पाचांच्या साच्यातला नाही.