ई-४ मधली पेशी

मे महिन्यात भरदुपारी लॅबची वीज गेली. आमच्या जनरेटरवर इन्क्युबेटर चालतो, एसी नाही. ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांनी नागपूरचा उन्हाळा बघितलेला नसावा. इन्क्युबेटरला ३७ अंशांपर्यंत तापता येतं, थंड होता येत नाही. खोलीच तापली की आतल्या पेशी शिजतात. काकांनी बर्फाच्या लाद्या आणल्या, पेशींची प्लेट वाचली. त्या धावपळीत ई-४ या वेलचा, म्हणजे प्लेटवरच्या ९६ बारीक खळग्यांपैकी एकाचा, फोटो मात्र राहिला.

सिकलसेल आजार ज्या एचबीबी जनुकातल्या दोषामुळे होतो, त्यासाठीचा गाइड आरएनए (डीएनए कापणाऱ्या कॅस-९ या प्रथिनाला नेमकी जागा दाखवणारा रेणू) आम्ही आधी एचईके-२९३ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत तपासत होतो. त्यासाठी एकाच पेशीपासून वाढलेली वसाहत, म्हणजे क्लोन, लागते; पण एकेक पेशी वेगळी करणारा सॉर्टर आमच्याकडे नाही. म्हणून ट्रान्सफेक्शननंतर (म्हणजे गाइड आणि कॅस-९ वाहून नेणारं प्लाझ्मिड, डीएनएचं छोटं वर्तुळ, पेशींत शिरवल्यावर) प्युरोमायसिन हे औषध देऊन प्लाझ्मिड न शिरलेल्या पेशी मारायच्या आणि उरलेल्या इतक्या पातळ करायच्या, की एका वेलमध्ये सरासरी अर्धी पेशी पडेल. म्हणजे ९६ पैकी साधारण ५८ वेल रिकाम्या, २९ मध्ये एकच पेशी, ९ मध्ये दोन किंवा जास्त. पेशी असलेल्या दर चार वेलमागे जवळपास एक फसवी! म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेल पार कडेपर्यंत बघावी लागते, कारण पेशी नेमकी कडेच्या सावलीत दडते. नुसता मध्यभाग बघून 'एक' लिहिणाऱ्यांच्या हाती मी माझी प्लेट देत नाही.

ई-४ मध्ये एकच होती. डाव्या कडेला, गोल, चकचकीत. वहीत तसं लिहिलंय.

तीन आठवड्यांनी त्या वसाहतीचा डीएनए वाचला, तर तीन वेगवेगळे बदल. मूळचा क्रम कुठेच नाही.

"मिसळलेला क्लोन आहे, टाकून दे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, या पेशींत बऱ्याच क्रोमोसोमच्या दोनपेक्षा जास्त प्रती असतात. एकाच पेशीत तीन बदल होऊ शकतात."

"फोटो आहे?"

त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या कुणाचा क्लोन असता तर मीही हेच विचारलं असतं.

ई-४ च्या पेशी आता पुन्हा पातळ करून लावल्यात. प्रत्येक उपक्लोनमध्ये तिन्ही बदल निघाले, तर ती पेशी एकच होती. वेगवेगळे निघाले तर? कदाचित सुरुवातीलाच दोन पेशी असतील. किंवा पेशी एकच असेल, पण ती दुभंगल्यावरही आत उरलेलं कॅस-९ कापतच राहिलं असेल. या दोहोंतलं खरं कोणतं, हे तो एक फोटोच सांगू शकला असता.

आज नववा दिवस. या वेळी ९६ च्या ९६ वेलचे फोटो काढलेत.