भेंडाचं माळवद

औसा तालुका, दुसरीचा वर्ग, मार्च महिना. ज्वारी निघालेली, त्यामुळे सामानाचा खर्च शून्य. पोरांनी कडब्यातून चिपाडं आणली. साल धारदार असते म्हणून आदल्या रात्री मीच सोलली (दोन बोटं कापली, ते सोडा). आतल्या पांढऱ्या भेंडाचे पेराएवढे तुकडे आणि सालीच्या काड्या. काडी भेंडात खुपसली की झाला सांधा. घर असं बांधायचं, की वर पाटी ठेवली तरी उभं राहिलं पाहिजे. मग वहीत लिहायचं, काय केलं अन् काय झालं.

लिहा म्हटलं की या वर्गाला एकदम तहान लागते. मागचा एक गडी तर वर्षभर स्वतःच्या नावापुढं गेला नव्हता.

त्यानं पाटी नाही ठेवली. बाहेरून ओली माती आणून छतावर थापली. "माळवद हाय सर. गार राहतंय." तेवढ्यात कुणाचा तरी धक्का बाकाला लागला. चारी खांब एकाच बाजूला कलंडले, माळवद सपाट. शेजारच्या पोरीचं घर डुललं नि थांबलं. तिनं खांबांमध्ये तिरप्या काड्या घातल्या होत्या.

"कुणी सांगितलं गं?"

"गोठ्याला हाय की तसं."

चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे मी डीएडला फळ्यावर शिकलो. हिनं म्हशीपाशी.

आता हा रडणार म्हणून पुढं झालो, तर तो लिहीत होता. जसंच्या तसं देतो:

"माती लई झाली. बाक हाललं. घर बसलं. आजीचं पन असच बसलं व्हतं."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. किल्लारीचा भूकंप. गावं आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलेली. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर, तोच अंगावर आला. या पोराच्या बापालाही ते धड आठवत नसेल. 'पन'वर लाल पेन चालवायचं असतं, माझ्यानं झालं नाही.

सुट्टीनंतर तो त्या पोरीकडं काडी मागायला गेला. तिनं दिली नाही. "गंजी तिकडं हाय, आन जा."

आणली. नव्या घराला चारी बाजूंनी तिरप्या काड्या. वर पुन्हा माती, पण बोटानं पातळ पसरलेली. आणि बाक त्यानं स्वतःच हलवलं.