श्रीखंडाच्या डब्यातला दिवा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज वाईहून परत आले. आईच्या स्वयंपाकघरात मेसेज आला की लागणारा दिवा लावून आले. गेले सहा-सात आठवडे ह्याच्याच मागे आहे, रात्री मुलं झोपली की डायनिंग टेबलावर सोल्डरिंग गन आणि वायरींचा पसारा, सकाळी डबे भरायच्या आधी तो सगळा उचलायचा, तर म्हटलं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर काय कुठे जोडलं ते पुढच्या वर्षी मलाच आठवायचं नाही.

श्रावणात मावशी साताऱ्याहून एसटीने निघाली. "निघाले गं, अकराला पोचते" असा मेसेज आईला टाकला आणि वाई स्टँडवर भर पावसात तासभर उभी राहिली. आई घरीच होती. फोन बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात. तिला ऐकायला कमी येतं आता, मशीन आहे कानाचं पण त्यातून कुकरची शिट्टी आणि मिक्सर डोक्यात घण घातल्यासारखे वाजतात म्हणून स्वयंपाक करताना ती ते काढून ठेवते, आणि तिचा अर्धा दिवस तिथेच जातो. डॉक्टर म्हणाले होते वयामुळे कान जातात तेव्हा आधी बारीक, चिरके आवाज जातात. म्हणजे नेमकं फोनचं टिंग टिंग. रिंगटोन बदलून झाली, व्हायब्रेशन झालं, उपयोग नाही. मावशी एका शब्दाने बोलली नाही पण आई त्या दिवशी नीट जेवली नाही, आणि मला ते फार लागलं. कान नाहीत तर नाहीत, डोळे आहेत की! मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तांदळातला खडा तिला माझ्या आधी दिसतो.

मी डिप्लोमा केला इलेक्ट्रॉनिक्सचा, नोकरी लागली बँकेत, त्यामुळे वीस वर्षांत गन हातात धरली नव्हती. एका शनिवारी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जाऊन नोडएमसीयूचा बोर्ड आणला, त्यावर ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप असते, आणि बारा एलईडींची एक गोल रिंग, डब्ल्यूएस २८१२बी वाली, जिच्यात प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो आणि तरी डेटाची वायर एकच. आमच्या डिप्लोमाच्या वेळी असलं काही करायचं म्हणजे टेबलभर आयसी लागले असते.

पहिल्या रात्री रिंग लागली पण पहिला एलईडी मधूनच वेडावाकडा चमकायचा. दोन रात्री त्यात गेल्या. मग डेटाशीट वाचल्यावर कळलं, रिंगला ५ व्होल्ट दिले तर डेटाच्या वायरवर त्याच्या ०.७ पट म्हणजे साडेतीन व्होल्ट आले की तिला "हो" समजतं, आणि आपली चिप बिचारी ३.३ च देते, म्हणजे कधी ऐकू जातं कधी नाही. रिंगच्या सप्लायमध्ये एक १एन४००७ डायोड टाकला, ५ चे ४.३ झाले, मग तिला तीनच व्होल्ट पुरतात. साधा डायोड. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टन्स आणि सप्लायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बस्स.

मेसेज दिव्यापर्यंत न्यायचं काम दादाने सोपं केलं. बेंगळुरूला बसून त्याने त्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर मॉस्किटो, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम, टाकून दिला. घरचा ग्रुप टेलिग्रामवर आहे, त्यात एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारं खातं, घातला, कोणी काही लिहिलं की बॉट ते बघून दिव्याला कळवतो. (ग्रुपमधले साधे मेसेज बॉटला दिसतच नाहीत, बॉटफादरला, म्हणजे टेलिग्रामच्याच बॉट सांभाळणाऱ्या बॉटला, सांगून प्रायव्हसी मोड बंद करावा लागतो आणि बॉट काढून परत घ्यावा लागतो, ह्यात माझी एक अख्खी रात्र गेली म्हणून इथे लिहितेय.) ज्या भाषेत हे निरोप जातात ते एमक्यूटीटी, ते १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर ह्या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला केलं, सॅटेलाइटची लाइन, एकेक बाइट महाग, म्हणून निरोप अगदी आटोपशीर. हे वाचून मला फार बरं वाटलं, कुठल्या ओसाड जागेतल्या पाइपसाठी केलेली गोष्ट, आणि तिच्यावरून आता मावशी आईला सांगणार की एसटीत बसले.

पण खरी अडचण लाईटची. वाईला पावसात लाईट जाते, आणि रात्री झोपताना आई राउटरसकट घरातली सगळी बटणं बंद करते, ती तिची चाळीस वर्षांची सवय आहे आणि ती मोडायला सांगणं मला पटत नाही. मग रात्री आलेला मेसेज? मी इथे प्लग काढून बघितलं, मधल्या वेळात पाठवलेलं सगळं गायब. घराला कुलूप दिसलं की पोस्टमनने पत्र फेकून द्यावं तसं. त्याला उपाय निघाला रिटेन. निरोप पाठवताना ती एक खूण केली की सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि दिवा कधीही परत जोडला गेला की आधी तो हातात देतो. आईने दिव्यावरचं बटण दाबलं की त्याच जागी रिकामा निरोप जातो आणि जपलेला पुसला जातो. सकाळी आई राउटर चालू करेल आणि रात्रीचा निरोप तिची वाट बघत असेल, हे जमलं त्या रात्री मी एकटीच चहा करून प्यायले.

गणपतीत आई इथे आली तेव्हा ब्रेडबोर्डवरच, नुसत्या वायरी खोचलेला, दाखवला. तेव्हा तो लाल होता आणि जोरात उघडझाप करायचा, लांबून दिसावा म्हणून. मी फोनवरून मेसेज टाकला, दिवा लागला, आणि आई पिठाच्या हाताने तशीच उठली, "काय झालं? कोणाला काय झालं?" बाबा आयसीयूत होते तेव्हा त्यांच्या उशाशी असाच लाल दिवा लुकलुकायचा. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे वायर काढली.

त्यानंतर सगळा उजेडच नव्याने लिहिला. लाल नाही. दादाचा निळा, मावशीचा हिरवा, माझा केशरी. उघडझाप नाही, चार सेकंदांत सावकाश वाढतो, सावकाश उतरतो, आणि पूर्ण विझत कधीच नाही. समईची वात वाऱ्याने जरा कलते आणि परत उभी राहते ना, तसं मला हवं होतं. उतरताना शेवटी शेवटी तो अडखळायचा, कारण मंद उजेडातला थोडासा फरकही डोळ्याला पायरीसारखा दिसतो. त्यासाठी आकड्यांचा एक तक्ता असतो, गॅमाचा, तो घातला आणि पायऱ्या गेल्या. मी अंधारात अर्धा तास नुसती बघत बसले होते.

डबा आधी स्टीलचा घेतला होता, आईच्या स्वयंपाकघरात शोभेल म्हणून, पण झाकण लावलं की वायफाय बंद, धातूच्या डब्यातून येणार कुठून. शेवटी अर्धा किलो श्रीखंडाचा पांढरा डबा उपडा घातला. त्यातून उजेड दुधासारखा पसरतो, काही लावायची गरजच नाही. बटण दाराच्या बेलचं, मोठं, संधिवाताच्या बोटांनाही दाबता येईल असं. वाईच्या राउटरवर २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसतात, ही चिप फक्त २.४ वर चालते, ते तेवढं लक्षात ठेवायचं.

दिवा ठेवला देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, ओट्यापाशी उभं राहिलं की समोर. माझ्याकडे इथे खिडकीत एक छोटा एलईडी आहे, आईने बटण दाबलं की तो दहा मिनिटं लागतो. मी निघताना मावशीने तिच्या घरून मेसेज टाकला. आई फोडणी करत होती. मान वर केली, हिरवं बघितलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "सुमी आली वाटतं." मग फोन घ्यायला गेली.

शुक्रवार, सकाळ

पाच दिवस दिवा नीट चालू आहे. एकच गोष्ट, रोज पहाटे माझा खिडकीतला एलईडी लागतो, कोणीही काही पाठवलेलं नसताना. मला वाटलं बटणाचा कॉन्टॅक्ट थरथरतोय, पण त्यासाठी कोडमध्ये ५० मिलिसेकंद थांबायला सांगितलंय. लॉग बघितला. ५:४२, ५:३८, ५:४५, ५:४०. बिघाड असा घड्याळ बघून होत नाही.

आत्ता फोन केला. म्हणाली, "अगं देव घासते, समई पुसते, मग तो पण पुसते ना. वरून फडकं फिरवताना दाबला जात असेल, का, बिघडतो का त्याने?"

म्हटलं नाही, काही बिघडत नाही, पुस तू.

दोन सेकंद दाबून धरलं तरच निरोप पाठवायचा, असं कोड बदलून काल रात्रीच तयार ठेवलं होतं. ते काही टाकत नाही आता. मी पावणेसहाला उठते, गॅस पेटवायच्या आधी खिडकीकडे बघते.