तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘थंडपणा’ का म्हणत नाही

“अ‍ॅनॉरगॅझमिया कशाला? सरळ ‘थंडपणा’ म्हणा ना, सगळ्यांना कळतं.” मी लैंगिक समस्यांवर समुपदेशन करते, असं सांगितलं की कुणीतरी हे सुचवतंच. आता एकदा लिहूनच टाकते.

कळतं, पण चुकीचं कळतं. थंड म्हणजे इच्छाच नसलेली. अ‍ॅनॉरगॅझमियात इच्छा असू शकते, अंग साथही देतं. फक्त लैंगिक सुखाचा उत्कर्षबिंदू येत नाही. पुरुषांनाही हे होतं.

पूर्वी मीही ‘थंडपणा’च म्हणायचे. एकदा एक जोडपं आलं होतं. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘अ‍ॅनॉरगॅझमिया’ लिहिलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “ताई, काय लिहिलंय?” मी म्हटलं, “थंडपणा म्हणतात याला.” नवरा लगेच म्हणाला, “बघ, मी वेगळं काय सांगत होतो?” ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, “पण मला वाटतं हो, ताई. मनापासून वाटतं.” मी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तिच्या फाइलमध्ये नैराश्यावरच्या सर्ट्रालीनची चिठ्ठी होती. त्या गोळीनं असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. गर्दी होती, डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं, हे सगळं खरं. पण ‘थंड’ हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. ती परत आली नाही.

मग मी ‘अ‍ॅनॉरगॅझमिया’ हा शब्द सोडवून बघितला. ग्रीक आहे. सुरुवातीचा ‘अन्’ आपल्या ‘अनिच्छे’तलाच. मधला ‘ऑर्गास्मोस’ ज्या ‘ऑर्गाओ’ क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ रसानं भरणं, फळानं पिकत येणं. ज्वारी चिकात येते ना, तसं. शेवटचा ‘इया’ म्हणजे अवस्था. स्वभाव नव्हे! ‘थंड’ आला तो ‘फ्रिजिड’वरून, लॅटिनमधल्या गारठ्यातून. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० सालीच ‘फ्रिजिड’ हा शब्द बाजूला ठेवला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत तर बाईला स्वतःला याचा त्रास होत असला पाहिजे, अशी अट आहे. नवऱ्याची तक्रार पुरत नाही.

मग मराठीत म्हणायचं काय? ‘कामपूर्ती न होणं’ म्हणून पाहिलं, कुणाला कळेना. ‘भरून न येणं’ म्हटलं, तर एकीला वाटलं मी रडण्याबद्दल विचारतेय. हल्ली आधी नवऱ्याला बाहेर बसवते, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते आणि केसपेपरवरचा शब्द आहे तसा वाचून दाखवते. तो ऐकून काही जणी घाबरतात, हेही मला दिसतं.