जनरेटर अर्ध्यात सोडताय? मग रिटर्न मारा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑफिसात नवीन लागलेली पोरं पण फिरून फिरून हेच विचारतात, सर, जावास्क्रिप्टचा जनरेटर मधेच थांबवायचा तर नेक्स्ट मारायचं बंद केलं की झालं ना?

नाही होत. जनरेटर म्हणजे नेक्स्ट मारलं की एकेक किंमत देऊन थांबणारं फंक्शन, किंमत देतो ती जागा म्हणजे यील्ड. तो यील्डपाशी तसाच उभा राहतो.

इथं सांगलीत हळदीच्या एका अडत्याला मी जुन्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीचे हिशेब, शोधायचं पेज करून दिलेलं. आत असिंक जनरेटर, म्हणजे मधे अवेट लावून वाट बघू शकणारा, पोस्टग्रेस डेटाबेसचं कनेक्शन घेऊन एकेक पट्टी यील्ड करायचा, कनेक्शन परत द्यायची ओळ फायनलीत, म्हणजे बाहेर पडताना चालणाऱ्या भागात, सगळं व्यवस्थित. पण बाहेरनं मी हातानं नेक्स्ट मारत होतो आणि हवी ती पट्टी सापडली की सोडून द्यायचो. सौद्याच्या दिवशी सकाळी दहा शोध पटापट लागले आणि अकरावा नुसता फिरत राहिला, एरर नाही काही नाही. पीजी ही पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी, तिच्या पूलमध्ये, म्हणजे कनेक्शनांच्या साठ्यात, डिफॉल्टला 10 च कनेक्शन असतात आणि दहाच्या दहा माझ्या अर्धवट जनरेटरांनी धरून ठेवलेली. समोर शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभा, ते अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

हातानं नेक्स्ट मारत असाल तर सोडताना रिटर्न मारा, म्हणजे जनरेटर थांबलाय तिथनंच बाहेर पडतो आणि जाता जाता फायनली चालवतो. त्यापेक्षा फॉर ऑफ वापरा, असिंक असेल तर फॉर अवेट, त्यात ब्रेक केला किंवा लूपमध्ये एरर आला तरी रिटर्न आपोआप लागतं. मी तेच केलं, आणि अकरावा शोधही लागायला लागला.

पायथॉनवरनं आलेले म्हणतात गार्बेज कलेक्टर बघून घेईल की. इथं तो मेमरी उचलतो, फायनली चालवत नाही.

अजून एक, पहिलं नेक्स्ट मारायच्या आधीच रिटर्न मारलं तर आतला कोड सुरूच झालेला नसतो, मग फायनली पण चालत नाही, म्हणून कनेक्शन बाहेर उघडून आत देऊ नका, जनरेटरच्या आतच घ्या.

आणि असिंकवाला आत एखाद्या अवेटवर अडकलेला असेल तर तुमचं रिटर्न रांगेत थांबतं, ते अवेट सुटल्याशिवाय काही होत नाही. फेच लावून, म्हणजे नेटवरनं डेटा मागवून बसला असेल तर त्याला मागणी रद्द करणाऱ्या अबॉर्ट कंट्रोलरचा सिग्नल आधीच देऊन ठेवा, पहिलं अबॉर्ट करा, मग रिटर्न.